प्राणायामानं बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी सोडली, चालेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा 61 वर्षांचे, बीपीची गोळी अॅम्लोडिपिन 5 चालू होती, दोन आठवडे सकाळी अनुलोम-विलोम केलं, मशीनवर 128/80 दिसलं आणि त्यांनी स्वतःच गोळी बंद करून टाकली. आणि बहीण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला आहे, तिला केअर प्लॅनमध्ये रिलॅक्सेशन थेरपी लिहायची आहे. मी नागपुरातच मेडिसिन वॉर्डात 19 वर्षं काढली, आता बीपी-शुगरच्या ओपीडीत बसते, त्यामुळं दोघींचंही एकत्रच सांगते.

आधी बाबांचं. ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा. आणि मला एक सांगा, ते 128 नेमकं कधी मोजलं? प्राणायाम करून डोळे उघडले नं उघडले की लगेच पट्टा बांधला असणार, बहुतेक जण तेच करून राहिले. अहो, हे म्हणजे मे महिन्यात कूलरसमोर बसून नागपूरची तपन मोजल्यासारखं झालं. हळू श्वास घेतला की त्या वेळेपुरता बीपी उतरतोच, पण दुपारी, रात्री, पहाटे किती राहतो ते त्यातून कळत नाही. अॅम्लोडिपिनचं आणखी एक आहे, ती अंगातून हळूहळू जाते, बंद केल्यावरही काही दिवस आकडा बरा दिसतो आणि माणूस म्हणतो, पाहा बाप्पा, गोळीशिवाय चाललं!

खरा आकडा पाहिजे तर सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं, चहा नाही, तंबाखू नाही, प्राणायामही नंतर, गोळीही नंतर. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ (मांडी घालून नाही, पायावर पायही नाही), हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग एक मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग. तसंच संध्याकाळी. असं सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांचा अॅव्हरेज काढायचा. घरी तो 135/85 च्या वर असेल तर बीपी कंट्रोलमध्ये नाही. हे पाच मिनिटं बसणं लोकांना फालतू वाटतं, पण आमच्याकडे एक काका तीन जिने चढून आले, घाईत मोजला तर 172, तिथंच बसवलं, थोड्या वेळानं 148. तेव्हा पट्टा मीच घाईत बांधला होता, म्हणून लक्षात आहे.

मग रिलॅक्सेशनचा उपयोग नाही का? आहे, पण गोळीसोबत, गोळीच्या जागी नाही. 1973 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, चंद्रा पटेल या डॉक्टरबाईंनी योगा आणि बायोफीडबॅक (शरीरातले बदल यंत्रावर पाहत शांत व्हायला शिकणं) बीपीच्या 20 पेशंटवर वापरून पाहिलं आणि काहींच्या गोळ्या खरंच कमी झाल्या, काहींच्या सुटल्या. पण डॉक्टर मोजत होते, डॉक्टरच कमी करत होते. व्हॉट्सअॅपवर हा भाग गळून जातो. नंतरचे अभ्यास एकत्र पाहिले तर फरक थोड्याच पॉइंटचा दिसतो आणि ते अभ्यासही फार पक्के नाहीत.

मी पेशंटना दोनच गोष्टी शिकवते. एक, मिनिटाला साधारण सहा श्वास, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, श्वास अडवून धरायचा नाही, दहा मिनिटं. कपालभातीसारखं जोराचं काही बीपी वाढलेला असताना नको. दुसरं, जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी काढलेली स्नायू सैल करायची पद्धत, मूठ पाच सेकंद आवळायची, सोडायची, मग दंड, खांदे, कपाळ, पोट, पाय असं करत जायचं. सोडल्यावर कसं वाटते तिकडं लक्ष द्यायचं, खरी मेख तिथंच आहे. झोप न येणाऱ्या पेशंटला हे जास्त मानवते.

बहिणीला सांगा, चार्टवर नुसतं ‘रिलॅक्सेशन दिलं’ लिहू नको. आधीचा बीपी-पल्स, कोणतं टेक्निक, किती मिनिटं, अर्ध्या तासानं किती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला किती. आणि पेशंटनं स्वतः करून दाखवलं का. वॉर्डात नातेवाईकांचा गोंधळ असतो, म्हणून दुपारी भेटीची वेळ संपल्यावर चार-पाच जणांना एकत्र बसवायचं, एकेकाजवळ वीस मिनिटं बसायला आपल्याकडे सिस्टर असतात कुठं!

बाकी मीठ दिवसाला एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत, त्यात पापड, लोणचं, सावजीचा रस्सा सगळं आलं. बीपी 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

सात दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, मग इथंही टाका. आणि बाबांचा दंड जाड असेल तर मशीनसोबत आलेला पट्टा पुरतो का तेही पाहा, लहान पट्ट्यानं आकडा उगाच वर जातो.