वाचकांचे प्रश्न: घरच्या घरी भाषा शिकवताना वर्षाची आखणी

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांची भाषेच्या वेळापत्रकाबद्दलची काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. गणितात पुढचा धडा मागच्यावर उभा असतो, म्हणून आखणी त्या मानाने सोपी जाते. भाषेत वाचन, शुद्धलेखन, व्याकरण आणि लेखन हे चार प्रवाह चार वेगांनी चालतात आणि पुस्तक मात्र त्यांना एकाच गाडीत बसवते. खालच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

प्रश्न: आमच्या भाषेच्या पुस्तकात १२० धडे आहेत. वर्षाचे ३६ आठवडे धरून आठवड्याला साधारण साडेतीन धडे असा हिशेब केला. दुसरा महिना संपायच्या आतच दहा धडे मागे पडलो. हिशेबात काय चुकले?

भागाकार बरोबर आहे, भाजक चुकला. ३६ आठवडे ही कमाल मर्यादा झाली. आजारपण, पाहुणे, प्रवास आणि ‘आज काहीच होत नाही’ असे दिवस त्यातूनच वजा होतात. वर्षाचे बारा-बारा आठवड्यांचे तीन भाग करा. प्रत्येक भागात दहा आठवडे शिकवायचे, एक आठवडा तपासणीचा आणि एक पूर्ण कोरा. कोऱ्या आठवड्यात आधीपासून काहीही लिहून ठेवायचे नाही. मागे राहिलेले तिथे जाते, काही राहिले नसेल तर ती सुट्टी. म्हणजे शिकवायला ३० आठवडे उरले. आठवड्यातले चार दिवस धड्यांना आणि पाचवा अवांतर वाचनाला व अर्धवट लेखनाला दिला, तर हातात १२० दिवस येतात.

आता दुसरी चूक. सगळे धडे सारखे धरले गेले. ‘खालील वाक्यांतील नामे अधोरेखित करा’ हा धडा पंधरा मिनिटांत संपतो आणि ‘दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ याला तीन दिवस लागतात. पुस्तकाने मात्र दोघांनाही एकेक क्रमांक दिलेला असतो. एका बैठकीत अनुक्रमणिका घेऊन पेन्सिलीने प्रत्येक धड्यापुढे अर्धा, एक किंवा तीन असे दिवस मांडा. समजा ५० धडे अर्ध्या दिवसाचे, ५५ एका दिवसाचे आणि १५ तीन दिवसांचे निघाले. २५ अधिक ५५ अधिक ४५, म्हणजे १२५ दिवस. हातात १२० आहेत, तेव्हा पाच दिवसांचे काम आजच काढून टाकायला हवे. ते शोधायला लांब जावे लागत नाही. बऱ्याच पुस्तकांचे पहिले चार-पाच आठवडे मागच्या इयत्तेची उजळणी असते. त्यातले जे मुलाला तोंडी येते, ते सोडून द्या.

आणि एक: धड्यापुढे तारखा आधी लिहू नका. क्रमांक लिहा, धडा झाला की तारीख टाका. आधी तारखा घातल्या की एक दिवस चुकताच पुढच्या सगळ्या खोट्या ठरतात आणि आखणीची वही उधारीच्या वहीसारखी दिसायला लागते. पालक ती उघडायचेच सोडून देतात.

प्रश्न: वर्ष अर्धे सरले आणि पुस्तक जेमतेम तिसरा हिस्सा झाले आहे. रोज दोन धडे घेतले तर भरून निघेल ना?

पाने भरतील. दोन नवे नियम एकाच दिवशी शिकवले की ते एकमेकांत मिसळतात आणि नंतर सुटे करायला दुप्पट वेळ जातो.

शुद्धलेखनाचेच बघा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, गुरू, कवी. हा एक नियम. शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल तर सामान्यरूप होताना ते ऱ्हस्व होते: गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला, सून पण सुनेला. हा दुसरा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला अपवाद, म्हणून शरीराला, सूत्राला. हा तिसरा. शिवाय ‘कवी’ समासात गेला की ‘कविवर्य’ आणि ‘गुरू’चे ‘गुरुदक्षिणा’. हा चौथा. पुस्तकात हे चारही कधीकधी समोरासमोरच्या दोन पानांवर असतात. एका दिवसात उरकले, तर आठवड्याने मूल ‘फूलाला’ आणि ‘शरिराला’ लिहिते, म्हणजे नेमके उलट. एकेका नियमाला दोन आठवडे द्या आणि अपवाद मूळ नियम हातात बसल्यावरच काढा. सध्याचे लेखननियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. एका वर्षात त्यातले पाच-सहा पक्के झाले तरी चांगली मजल आहे. अठराही एकदम शिकवायची घाई कुणी करू नये, मोठ्यांनाही ते सगळे येत नाहीत.

मग भरून कसे काढायचे? कात्री लावून. आकलनाचे प्रश्न तोंडी घ्या, लेखी फक्त एक. एकाच प्रकारची दहा वाक्ये असतील तर पहिली चार करू द्या. चारही बरोबर आली तर पुढे चला. दोन चुकली तर उरलेली सहा लागच्या दिवशी नव्हे, एक दिवस सोडून घ्या. शब्दकोडी, चित्र रंगवा, गाळलेल्या जागा हे बिनदिक्कत गाळा. नवे जोडाक्षर, आठवड्याचे श्रुतलेखन आणि लिहिलेले पुन्हा लिहून काढणे या तीन गोष्टींना मात्र हात लावू नका. पहिल्यांदा गाळले जाते ते नेमके पुनर्लेखन, कारण त्याचे पान पुस्तकात नसते. मुलाचे लेखन सुधारते ते तिथेच.

एवढे करूनही पुस्तकाचा शेवटचा आठवा हिस्सा राहिला तर राहू द्या. पुढच्या वर्षीचे पुस्तक ते सुरुवातीला पुन्हा घेण्याची शक्यता दाट असते.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे एका वर्षात होतील का? कशाला किती वेळ द्यावा?

वाचायला बहुधा होतील, लिहायला सगळी होणार नाहीत. दोन्हींची अपेक्षा वेगवेगळी ठेवा.

‘क ख ग घ’ या क्रमाने न जाता आकाराच्या गटांनी जा: ग म भ न, मग र स त ल, मग व ब क. आठवड्याला तीन अक्षरे पुरेत. सगळी अक्षरे संपेपर्यंत काना अडवून ठेवू नका. ग म भ न र स त आले की काना द्या. लगेच नाग, राग, मासा, तारा, सागर हे शब्द वाचता येतात आणि वाचता येते म्हटल्यावर मूल स्वतःहून बसते. नंतरच्या प्रत्येक चिन्हाला साधारण एक आठवडा. ‘क का कि की’चा घोष पाठ झाला म्हणजे वाचता आले असे मात्र नाही. पडताळा सोपा आहे: बाराखडीच्या मधलेच एखादे अक्षर, ‘कै’ किंवा ‘कौ’, एकटे दाखवा. सुरुवातीपासून म्हणत त्याच्यापर्यंत पोहोचावे लागत असेल, तर अजून वाचन आलेले नाही.

या गतीने वर्षाचा शेवटचा तिसरा भाग जोडाक्षरांना उरतो. सुरुवात द्वित्ताने करा: पत्ता, गल्ली, अन्न. मग उभी दांडी गळणारी: ग्य, स्त, म्ह. त्यानंतर दांडी नसलेली: द्द, ट्ट. ‘र’ला सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ, किमान चार आठवडे. त्याची रूपे चार: सूर्यमधला रफार, चक्रमधला, ट्रकमधला आणि दऱ्यामधला. रफारात मुले हमखास अडतात, कारण ‘र्’ आधी ऐकू येतो पण लिहायचा असतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. शब्द तोडून बोलायला लावा: ‘सूर्… य’. ज्या अक्षराशी पोहोचल्यावर ‘र्’ संपला, त्याच्या डोक्यावर रफार. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या या जोड्या पुढच्या वर्षासाठी राखून ठेवल्या तरी चालते. घेतल्यात तर मात्र शेजारीशेजारी लिहूनच घ्या.

रोजची बैठक वीस ते पंचवीस मिनिटांची, तीही दोन तुकड्यांत. हात दुखायला लागल्यावर अक्षर बिघडते आणि बिघडलेल्या वळणाचाच सराव होतो.

प्रश्न: नऊ वर्षांची मुलगी जाड पुस्तके सहज वाचते, पण चार ओळी लिहायला अर्धा तास लागतो. तिला कोणत्या इयत्तेचे पुस्तक लावावे?

एकाच इयत्तेचे लावूच नये. वाचन पाचवीचे, शुद्धलेखन तिसरीचे आणि लेखन दुसरीचे असे चालले तर त्यात काही कमीपणा नाही. वाचनाचे पुस्तक निवडताना कोणत्याही पानावरचे शंभर शब्द मोठ्याने वाचून घ्या. एक-दोन ठिकाणीच अडखळली तर ते एकटीने वाचायचे पुस्तक. पाचाच्या आसपास अडखळली तर तुमच्यासोबत वाचायचे. दहाच्या वर गेली तर सध्या तुम्ही तिला वाचून दाखवायचे.

लेखन मागे का आहे ते आधी वेगळे काढा. ती तोंडी गोष्ट नीट सांगते का? सांगत असेल तर विचार तयार आहे, अडतो तो हात किंवा अक्षरलेखन. मग काही आठवडे तिने सांगायचे, तुम्ही लिहायचे आणि त्यातली दोन-तीन वाक्ये दुसऱ्या दिवशी तिने उतरवायची. पुढे त्याच वाक्यांचे श्रुतलेखन. तोंडी सांगतानाच घोटाळा होत असेल तर लेखनाचे पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि ‘आधी काय झाले, मग काय, शेवटी काय’ हे रोज पाच मिनिटे बोलून घ्या. दोन्ही बाबतींत काम ओळींनी मोजू नका, मिनिटांनी मोजा. बारा मिनिटे झाली की वाक्य अर्धे असले तरी पेन्सिल खाली. मोजमाप ओळींचे असले की मूल शक्य तितकी आखूड वाक्ये लिहायला शिकते.

स्वतंत्र लेखनाला तीन आठवड्यांचे चक्र ठेवा. पहिल्या आठवड्यात बोलणे आणि मुद्दे, दुसऱ्यात कच्चे लेखन, तिसऱ्यात सुधारून पक्के. तीस आठवड्यांत अशी दहा लेखने होतात आणि दहा पुरे आहेत. दर आठवड्याला एक निबंध घेणाऱ्या घरांत तीस कच्चे निबंध जमतात, पक्का एकही नसतो. तपासताना आधी मजकूर बघा: काही राहिले का, क्रम नीट आहे का. मग वाक्ये. ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी आणि एका वेळी चुकांचे दोनच प्रकार. पान लाल केले की पुढच्या वेळी मूल फक्त लिहिता येणारेच शब्द वापरते. ‘उत्सुकतेने’ लिहायची हिंमत करणारी मुलगी मग ‘आनंदाने’वर थांबते.

प्रश्न: दोन मुले, सहा आणि दहा वर्षांची. दोघांची भाषा वेगवेगळी घेतली तर अर्धा दिवस जातो.

मोठ्याने वाचून दाखवणे, कविता पाठ करणे आणि गोष्ट पुन्हा सांगणे हे एकत्र घ्या, वीस मिनिटे. गोष्ट आधी धाकट्याने सांगायची, थोरल्याने राहिलेले भरायचे. उलटे केले तर धाकट्याला सांगायला काही उरत नाही. त्यानंतर धाकट्याला शेजारी बसवून वीस मिनिटे आणि त्याच वेळी थोरल्याचे एकट्याने करायचे काम. शेवटी थोरल्याला पंचवीस मिनिटे. साधारण तास-सव्वा तासात दोघांचे होते. शुद्धलेखन आणि अक्षरवळण मात्र एकत्र करायला जाऊ नका.

प्रश्न: तपासणीच्या आठवड्यात नेमके काय करायचे? परीक्षा घ्यायची का?

परीक्षा नको. तीन नमुने घ्यायचे आणि तारीख घालून फायलीत लावायचे: शंभर शब्दांचे प्रकट वाचन (अडखळलेले शब्द तुमच्या प्रतीवर खूण करून), शिकवलेल्या नियमांवरची पाच वाक्ये श्रुतलेखनाने आणि कोणतीही मदत न करता लिहिलेला एक परिच्छेद. प्रत्येकाला एक दिवस. चौथ्या दिवशी मागच्या तपासणीचे नमुने शेजारी ठेवून बघा आणि पुढच्या दहा आठवड्यांचे धडे त्यावरून पुन्हा मांडा. श्रुतलेखनात एकच नियम तीनदा चुकला असेल तर त्याला आणखी दोन आठवडे. पाचही वाक्ये स्वच्छ आली तर त्या नियमावरचे उरलेले स्वाध्याय खोडून टाका. वाचनात मात्र एका तपासणीवरून पुस्तक बदलू नका. त्या दिवशी मूल नुसते कंटाळलेलेही असू शकते. दोन दिवसांनी वेगळा उतारा देऊन बघा.