अमेरिकेतल्या मिनेसोटात ट्रेलरमध्ये (चाकांवरच्या घरात) हिवाळा काढणार असाल तर

जमीन गोठायच्या आत, ऑक्टोबरमध्येच, ट्रेलरभोवती जमिनीपर्यंत दोन इंची फोम बोर्ड लावून घ्या. खालून वारा शिरला की पाइप गोठलेच. पाण्याच्या होजला (रबरी नळीला) हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, हवीच. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह मात्र बंद ठेवा आणि सांडपाण्याची टाकी भरत आली की एकदम सोडा. उघडा ठेवलात तर बारीक धार होजमध्ये थरावर थर गोठत जाते आणि होज गच्च तुंबतो.

नुसत्या इलेक्ट्रिक हीटरवर राहू नका. बऱ्याच ट्रेलरमध्ये खालच्या पाण्याच्या टाक्यांना ऊब मिळते ती फर्नेसच्या (प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या भट्टीच्या) हवेनेच. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे उणे 30 ला लहान सिलिंडरमधला दाब खूप कमी होतो. प्रोपेनची मोठी टाकी घ्या. स्वयंपाक करताना छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर वाफ कोंडून गादीखाली बुरशी धरते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर आठवड्याला तपासा.