एप्रिलमध्ये शिवार शहरापेक्षा तापलेलं कसं?

प्रश्न : आमच्याकडची भातशेती जाऊन प्लॉट पडताहेत, त्यामुळे बेळगाव तापलं असं सगळेच म्हणतात. पण उपग्रहाच्या एप्रिलमधल्या नकाशात उघडं शिवार लालभडक आणि झाडीतला कॅम्प भाग थंड दिसतो. खरं काय मानायचं?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : नकाशा खोटा नाही, तुम्ही महिना चुकीचा निवडलात. लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या आसपास जातात. मसूर, हरभरा निघून गेलेली कोरडी जमीन तोवर चांगलीच तापलेली असते. काँक्रीट मात्र ऊन पोटात साठवतं आणि रात्री सोडतं. सकाळच्या चित्रात ते कुठून दिसणार? त्यासाठी ॲक्वा उपग्रहावरच्या 'मोडिस' या मोजयंत्राची २०२१पर्यंतची, रात्री दीडच्या सुमाराची चित्रं बघा; पुढे त्याची वेळ सरकत गेली. त्यांचा एक ठिपका १ किलोमीटरचा, म्हणजे गल्ली शोधायला जाऊ नका.

शेतीच्या जागी वस्ती आल्याने काय बदललं, हे भात उभं असताना, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पाहावं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. ओलं शिवार दिवसभर हेच करतं. स्लॅब आणि डांबराकडे ती सोय नाही.

लँडसॅटची 'लेव्हल-२', म्हणजे प्रक्रिया करून तयार केलेली चित्रं फुकट मिळतात. बँड १०च्या, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या पट्ट्याच्या ठिपक्यातल्या आकड्याला ०.००३४१८०२ ने गुणा, १४९ मिळवा, २७३.१५ वजा करा. आकडा ४८,००० असेल तर उत्तर सुमारे ३९.९ अंश सेल्सिअस. हे जमिनीच्या, छपराच्या पाठीचं तापमान. हवामान खात्याच्या सावलीतल्या हवेच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये. ठिपका ३० मीटरचा दिसला तरी मूळ मोजणी १०० मीटरची असते, त्यामुळे एकट्या घराचा निकाल त्यातून लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. एका वर्षी चित्राच्या आदल्या दिवशी वळीव पडलेला आणि दुसऱ्या वर्षी महिनाभर कोरडं, अशी दोन चित्रं शेजारी ठेवून 'शहर चार अंशांनी तापलं' म्हणणं व्यर्थ. एकाच हंगामातली निदान पाच-सहा वर्षांची निरभ्र चित्रं घ्या आणि शहरातून जवळच्या शिवाराचं तापमान वजा करून तो फरक कसा सरकतो ते पाहा.

प्रश्न : इन्फ्रारेड गन नव्या पत्र्याचं तापमान शेजारच्या कौलांपेक्षा कमी दाखवते. पत्र्याखाली तर बसवत नाही!
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चकचकीत जस्ती पत्रा स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि गनला आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो. वस्तू आपली उष्णता किती बाहेर टाकते, तो आकडा (उत्सर्जकता) साध्या गनमध्ये बहुधा ०.९५ वर पक्का बसवलेला असतो. कौलाला तो चालतो, पत्र्याला नाही. वायरमनची काळी चिकटपट्टी पत्र्यावर घट्ट दाबून लावा, दहा मिनिटं थांबा आणि पट्टीवरच नेम धरा. गनवर १२:१ लिहिलं असेल तर १२ इंचांवरून १ इंचाचं वर्तुळ मोजलं जातं, तेव्हा जवळ जा. अशीच फसगत उद्योगवसाहतीतल्या नव्या पत्र्यांवरून उपग्रहाचीही होऊ शकते. गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या पत्र्याला पट्टीची फारशी गरज नाही.