फ्रान्समध्ये फिजाक ते काओर रोड बाईकवर (सायकलवर) जायचं तर कुठला रस्ता घ्यावा? चढ फार आहेत का?

लोत नदीच्या काठानेही जाता येतं, पण मी तिची उपनदी सेले धरायला सांगेन. फिजाकच्या पश्चिमेला डी-41 हा रस्ता लागतो आणि सेलेच्या सोबतीने खाली उतरत जातो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडीचे कडे, काही ठिकाणी तर कडा थेट डोक्यावर. बूझिएसजवळ सेले लोतला मिळते, तिथून पुढे काओर.

नदी सोडली नाही तर दमछाक होत नाही. पठारावर चढणारे रस्ते मात्र घाटच समजा. सँ-सिर्क-लापोपी हे गाव लोत नदीपासून सुमारे 100 मीटर उंचावर आहे. तेवढा चढ चढाच. काब्रेरेजवळची पेश-मेर्ल गुहा (आदिमानवाची चित्रं!) बघायची तर तिकीट आधी काढा.

खरी पंचाईत खाण्यापिण्याची. गावातली दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर बरीचशी उघडतच नाहीत. सकाळीच बेकरीतून पाव घेऊन ठेवा. पाणी संपलं तर गावची दफनभूमी गाठा, तिथे बहुधा नळ असतो. 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर ठेवावं असा तिथे कायदा आहे.