हलकी जमीन शोधली तर बरड वावर काहून सापडत नाही?

प्रश्न: दादा, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमच्या शेतकरी गटाच्या चार वर्षांच्या नोंदी, कोणत्या वावरात काय पेरलं, पाणी किती पडलं, काय पिकलं, सगळं मी कॉम्प्युटरात टाकलं, चारशेच्या वर झाल्या. पण "हलकी जमीन, कमी पाणी, तूर" टाकलं की एकही नोंद येत नाही, आन् बाबा म्हणतात अशी दहा वावरं मीच दाखवतो तुले. कॉलेजात फझी लॉजिक ऐकलं होतं, त्याचा इथं काही उपयोग होईल का?

उत्तर: होईल ताई, आणि बाबा बरोबरच बोलतात. तुमचा सर्च फक्त हो नाहीतर नाही एवढंच ओळखतो. नोंदीत कोणी बरड लिहिलं, कोणी मुरमाड, तर "हलकी" शब्दच नाही म्हणून ती बाद. खोली आकड्यात असली तरी तेच, समजा ४५ सेंटिमीटरच्या आत हलकी अशी रेघ मारली, तर ४४ वालं वावर आत आणि ४६ वालं बाहेर, बोटभर मातीनं काय जमीन बदलते का.

१९६५ मधे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोत्फी झादेह यांनी फझी सेटचा पेपर लिहिला, तुम्ही ऐकलेलं फझी लॉजिक त्यावरच उभं आहे, त्यातली मूळ गोष्ट हीच की एखादी वस्तू एखाद्या गटात ० ते १ मधे कितीही असू शकते. म्हणजे एक वावर ०.७ हलकं. याचा अर्थ हलकं असायची शक्यता ७० टक्के असा नाही हं, इथं लय जण घसरतात, जमीन तर आपल्या समोरच आहे, "हलकी" हा शब्द तिला कितपत लागू पडतो तेवढं ते सांगतं.

आता दोन अटी "आणि"नं जोडायच्या तर दोन्हीतला लहान आकडा धरायचा. एका नोंदीत हलकी ०.९ पण कमी पाणी ०.३, तिला ०.३ मिळाले. दुसरीत दोन्ही ०.७, तिला ०.७, म्हणून ती वर येते. "किंवा" असेल तर मोठा आकडा. बरड, मुरमाड हे शब्दपण हलकीला असेच जोडा, बरड ०.९ वगैरे, पण हे आकडे घरी बसून टाकू नका, बाबांना आणि गटातल्या दोन-तीन जुन्या माणसांना वावरावर नेऊन विचारा, कारण तुमच्या गावची हलकी आणि पूर्णा खोऱ्यातली हलकी एक नाही.

स्पेलिंगचं काम वेगळं आहे, त्यालाही लोक फझी सर्च म्हणतात पण तिथं किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजतात. बोंडअळी आणि बोंड अळी यात एका स्पेसचा फरक, तो चालवून घ्या. पण तूरचं तुर चालवलं तर सूरपण येतो, तोही एकाच बदलावर आहे, म्हणून छोट्या शब्दांना ही सूट न देता त्यांच्या चालणाऱ्या स्पेलिंगची वेगळी यादी करा.

आधी वीसेक नोंदींवर करून बाबांना दाखवा, त्यांची दहा वावरं वर येतात का बघा. आणि फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण शोधताना मात्र हे सगळं बंद ठेवा ताई, तिथं नाव तंतोतंत जुळलं तरच नोंद दिसली पाहिजे.