कॅनव्हासच्या टेंटमध्ये रात्रभर हीटर किंवा शेगडी चालू ठेवून झोपलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की टेंट कॅनव्हासचा आहे, रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जाणार आहे, लाकडाची शेगडी घ्यावी की गॅसचा हीटर, आणि तो रात्रभर चालू ठेवता येईल का. माझं मत सांगतो, दोन्हीत शेगडी घ्या, पण ती संध्याकाळी आणि सकाळी पेटवायला. झोपेतली ऊब अंथरुणातून मिळवायची, टेंट तापवून नाही.

कारण कॅनव्हास जाड असला तरी शेवटी एका थराचं कापडच आहे, आत कितीही तापवा, आग विझली की थोड्याच वेळात आत बाहेरच्यासारखंच गार. आणि टेंटमधल्या छोट्या शेगडीत एकदा लाकडं भरली की दोन तास, मोठी असेल आणि लाकूड कडक असेल तर फार तर तीन. म्हणजे रात्रभर ऊब पाहिजे तर कोणीतरी सारखं उठून लाकडं घालायला पाहिजे, आणि ते कोणालाच नको असतं, म्हणून लोक काय करतात तर शेगडी गच्च भरतात, हवेचं दार जवळजवळ बंद करतात आणि आग धुमसत ठेवून झोपतात. सगळ्यात वाईट आयडिया हीच. हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी गॅस जास्त तयार होतो, धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि धुराडं गार पडलं की त्याची ओढच जाते, मग धूर वर जायच्या ऐवजी आत यायला लागतो. ज्वाळा दिसत नाही, नुसते निखारे आहेत म्हणजे आता धोका टळला असं वाटतं ना, उलट आहे, निखाऱ्यांतून हा गॅस भरपूर निघतो. त्यामुळे कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू तर टेंटच्या आत आणायचाच नाही, विझत आलेला सुद्धा नाही.

या गॅसला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जागं असताना डोकं दुखतं, मळमळतं, पण झोपलेल्या माणसाला त्याने जाग येईलच असं धरून चालू नका. "कॅनव्हासमधून हवा खेळते, काही होत नाही" हे बरेच जण सांगतील. कोरड्या कॅनव्हासमधून खेळते थोडीफार. तो ओला झाला की सुताचे धागे फुगतात आणि छिद्रं बुजतात, वरून बर्फाचा थर बसला किंवा खालच्या कडेला बर्फ साचला की उरलेली हवाही बंद. म्हणून वरची एक खिडकी आणि खालची एक फट उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्याच, बॅटरीवरचा. घरातल्या अलार्मचं स्टँडर्ड वेगळं असतं, कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठी ईएन ५०२९१-२ आहे, टेंटसाठी तोच बघा आणि आकडा दाखवणारा स्क्रीन असलेला घ्या. का, तर हे अलार्म लगेच ओरडत नाहीत, ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग गॅस) तास-दीड तासाने वाजतात, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत. आकडा दिसत असला तर आधीच कळतं की काहीतरी चढतंय. हा गॅस हवेइतक्याच वजनाचा असतो, तेव्हा अलार्म झोपताना डोकं जिथे येतं त्या उंचीला ठेवा, शेगडीला चिकटून नको.

गॅस हीटरला नाही म्हणायचं अजून एक कारण म्हणजे पाणी. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते, आणि हीटरला धुराडं नसल्यामुळे ती सगळी आतच राहते, कॅनव्हासवर दव धरतं, स्लीपिंग बॅग दमट होते आणि दमट बॅग म्हणजे थंडीच. काही हीटर ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होतात, पण ती सोय ऑक्सिजन बघते, मोनॉक्साइड नाही. शिवाय ब्यूटेनचा डबा असेल तर शून्याच्या आसपास त्याचा गॅसच होत नाही, थंडीत प्रोपेनच लागतो.

रात्रभर काहीतरी चालू हवंच असेल तर डिझेल हीटर. हीटरचा डबा टेंटच्या बाहेर, जळायला लागणारी हवा बाहेरची, धूरही बाहेर, आत येते ती फक्त पाइपमधून गरम कोरडी हवा. एक्झॉस्टचं तोंड टेंटपासून लांब आणि वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला पाहिजे, अलार्म तेव्हाही लागतोच. कॅम्पवर विजेचा पॉइंट असला तर प्रश्नच मिटला, पण पॉवर स्टेशनवर (म्हणजे सोबत न्यायच्या मोठ्या बॅटरीवर) हीटर लावायचा विचार असेल तर सोडून द्या, १००० वॉट-अवरचं स्टेशन १५०० वॉटच्या हीटरला ४० मिनिटंही पुरत नाही. तेच स्टेशन ५०-६० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट रात्रभर चालवतं!

आणि खरा पैसा खर्च करायचा तो खाली अंथरायच्या गोष्टींवर. हवा भरायची साधी गादी थंडीत फार वाईट, आतली हवा फिरत राहते आणि अंगातली ऊब जमिनीला देते. इन्सुलेटेड मॅट बघा, तिच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवून धरते तो आकडा, लिहिलेली असते, एकावर एक दोन टाकल्या तर बेरीज होते, तुमच्या थंडीला एकूण ५ च्या वर न्या. कॉटवर झोपत असाल तरी मॅट लागतेच, खालून हवा जाते. झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची पिशवी बॅगेत टाका, दिवसभराचे कपडे बदलून कोरडे घाला, आणि तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका, श्वासाने आतून ओली होते.

शेगडी घेतलीत तर पहिल्यांदा बाहेर उघड्यावर एकदा चांगली तापवून घ्या, रंगाचा धूर निघून जातो. धुराडं टेंटच्या सगळ्यात उंच टोकाच्या वर गेलं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत ढकलतो, आणि टोकाला ठिणग्या अडवायची जाळी, जी काजळीने बुजते म्हणून अधूनमधून झटकायची. रात्री आग पूर्ण विझली, राखही गार झाली की सकाळसाठी बारीक काटक्या शेगडीत रचून ठेवा, काडेपेटी हाताशी. टेंटला धुराड्याचं भोक आधीपासून आहे का ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, नसेल तर स्वतः कापायच्या आधी इथे विचारा, उष्णता सहन करणारा पॅच लागतो त्याला.