प्रयोगशाळा नसताना रसविद्येचा अभ्यास

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत काम करतो. जुन्या किमयागारांची विद्या मुळातून समजून घ्यावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. परंतु जवळ प्रयोगशाळा नाही आणि दहावीनंतर रसायनशास्त्राशी संबंध उरलेला नाही. सुरुवात कोठून करावी? — एक वाचक

उत्तर : प्रयोगशाळा नाही हे एका अर्थी बरेच झाले, कारण नवशिक्या माणसाचा हात पहिल्या उत्साहात पाऱ्याकडेच वळतो. पाऱ्याची वाफ साध्या हवेतही निघत असते, तापवल्यावर तर कितीतरी अधिक, आणि ती ना दिसते ना तिला वास येतो. म्हणून पारा-गंधक खलणे किंवा भस्मे करणे घरी मुळीच करू नये.

वाचायला ‘रसरत्नसमुच्चय’ घ्यावा. १३व्या शतकातला मानला जाणारा हा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेला आहे. पहिल्या पानापासून सुरुवात न करता रसशाळा (म्हणजे प्रयोगशाळा), यंत्रे (म्हणजे उपकरणे) आणि मुशी (म्हणजे धातू तापवण्याची मातीची भांडी) यांविषयीचे सातवा, नववा व दहावा हे अध्याय आधी वाचावेत. मुशीसाठी उत्तम माती न मिळाल्यास वारुळाची किंवा कुंभाराची माती चालेल, असे ग्रंथकार सांगतो, आणि तीत जळकी तुसे, ताग, कोळसा, घोड्याची लीद मिसळायला लावतो. आपला तालुका भाताचा आणि कुंभारकामाचा. तेव्हा एखाद्या भट्टीवर जाऊन मातीत काय मिसळतात आणि का, हे विचारले तर तो श्लोक पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर उलगडेल.

दुसऱ्या अध्यायात खर्परापासून, म्हणजे जस्ताच्या खनिजापासून, सत्त्व, म्हणजे त्यातला धातू, काढण्याची कृती आहे. ज्वाला निळी होती ती पांढरी झाली की मूस सांडशीने धरून पालथी करावी आणि जमिनीवर हलकेच आपटावी. कथलासारखा दिसणारा धातू पडतो. निळी ज्वाला जळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची आणि पांढरी जस्ताच्या वाफेची, असा तिचा आज अर्थ लावला जातो. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि त्याची वाफ हवेत पेटते, एवढे माहीत असले की ज्वालेकडे लक्ष ठेवून मूस नेमक्या वेळी उतरवणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या मते या विषयाचा खरा अभ्यास हाच आहे : गूढ वाटणाऱ्या ओळीत कोणाचा हात काय करीत होता, हे ओळखणे.

सोन्याविषयी थोडक्यात. हेच खनिज तांब्याला सोन्यासारखे करते, असे रसग्रंथ म्हणतात. ते पितळ होय, आणि कोणत्याही सराफाच्या कसोटीवर ते उघडे पडते.

रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांचा हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास इंग्रजीत, १९०२ व १९०९ अशा दोन भागांत आहे. तो मूळ ग्रंथानंतर वाचावा. अडलेल्या संज्ञांची यादी करून बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात रसशास्त्र शिकविणाऱ्यांना भेटावे, आणि जाताना नवव्या अध्यायातील यंत्रांच्या आपण स्वतः काढलेल्या आकृत्या, चुकलेल्या असल्या तरी, बरोबर न्याव्यात.